तळे कोणाचे?

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवींची स्थाने आहेत. तेथील लोक त्यांस मोठी माता व धाकटी माता म्हणतात. टेकडीखालच्या नगरातही एके काळी सारे दोन-दोनच होते. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी येथे ठाणे केले आणि पुढे त्यांच्या वंशजांत थोरली पाती व धाकटी पाती अशी वाटणी होऊन एकाच गावात दोन गाद्या, दोन दरबार आणि दोन खजिने नांदू लागले. दोन राज्यांची सीमा कोठे कोठे रस्त्याच्या मधोमध जात असे. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि तो प्रकार संपला. वाटणी हा आम्हां वकिलांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे असेल, परंतु टेकडीच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहताना आमच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की जमीन वाटता येते, गादी वाटता येते, प्रसंगी देवीपुढचा मानही वाटून घेता येतो. पाण्याची वाटणी मात्र कोणत्या दस्ताने करावी?

हा प्रश्न आम्हांस उगाच सुचलेला नाही. माळवा म्हणजे पावलागणिक पाणी, अशी या प्रांताची जुनी ख्याती. पाऊस सालिना सुमारे चाळीस इंच. वर खोल काळी माती, आणि खाली कातळ. काळी माती पावसाचा ओलावा धरून ठेवी आणि त्या ओलीवर रब्बीचे पीक निघे. पुढे वीज आली, सोयाबीन आले, आणि विहिरीच्या जागी कूपनलिका, म्हणजे लोकांच्या तोंडचे बोअर, आले. कातळाच्या भेगांत पाणी साचते थोडे. उपसणारे झाले पुष्कळ. बोअरची खोली शेकड्यांच्या हिशेबाने वाढत गेली. देवास शहराची कथा याहून शोचनीय. तेथील लहानमोठी तळी बुजवून त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले, आणि एप्रिल १९९० मध्ये इंदुराहून आगगाडीने देवासला पाणी आणण्याची पाळी आली. पाण्याच्या त्या गाडीचे स्टेशनावर वाजतगाजत स्वागत झाले, असे अनुपम मिश्र यांनी आपल्या तळ्यांवरील प्रसिद्ध पुस्तकात (१९९३) नोंदवून ठेवले आहे. कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या सुमारास देवासला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. ही गाडी आली तेव्हा ते गावातच होते. कोरडी हवा इतकी कोरडी होईल, असे त्यांस येथे धाडणाऱ्या वैद्यांनाही वाटले नसेल.

१९९० नंतर सोळा वर्षांनी, म्हणजे २००६ साली, या जिल्ह्यात एक निराळी गोष्ट घडली. त्या वेळचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपापल्या शेतात तळी खणण्यास प्रवृत्त केले. यात नवे ते काय, असे वाचक विचारतील. नवे होते ते त्यांच्या बोलण्याचे धोरण. त्यांनी श्रमदानाची हाक दिली नाही, पुण्याचे नाव काढले नाही, सरकारी अनुदानाचे आमिषही प्रथम दाखविले नाही. ते गेले थोर जमीनदार शेतकऱ्यांकडे, ज्यांच्यापाशी ट्रॅक्टर होते आणि ज्यांनी सर्वांत अधिक बोअर खणून सर्वांत अधिक पैसा मातीत घातला होता. त्यांच्यापुढे सरळ हिशेब मांडला : जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडा, उरलेल्या नऊ हिश्श्यांत रब्बीचे पीक हमखास येईल, आणि तळ्याचा खर्च थोड्याच वर्षांत भरून निघेल. तळ्यांना 'रेवासागर' आणि तळे खणणाऱ्याला 'भागीरथ कृषक' अशी नावे दिली गेली, एवढाच काय तो पुराणाचा स्पर्श. पहिली तळी शेतकऱ्यांनी पदरमोड करून खणली. टोंककलाँ, हरनावदा, धतुरिया या गावांची नावे त्यामुळे जिल्ह्याबाहेर गेली. राज्य सरकारने २००७ मध्ये बलराम ताल योजना काढून अनुदान सुरू केले ते त्यानंतर. आज या जिल्ह्यातील अशा तळ्यांची गणती हजारांनी करावी लागते. उन्हे कलताना टोंकखुर्दच्या वाटेने गेले की शेताशेतांतून पाण्याचे चौकोन झळकताना दिसतात, आणि जेथे पूर्वी बगळा दिसत नसे तेथे हिवाळ्यात पाखरांचे थवे उतरतात.

आमच्या बरोबर एक निवृत्त शिक्षक होते. संस्कृताचा त्यांचा व्यासंग मोठा, आणि मताचे ते कठोर. तळी पाहून त्यांना आनंद झाला, परंतु गाडीत बसताच ते म्हणाले, "हे सारे ठीक. पण एखाद्याने आपल्या शेतात, आपल्या गव्हासाठी, आपल्या पैशाने खड्डा खणला, यात धर्म कोठे आला? हा तर व्यापार झाला." आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. उत्तर सुचले नाही, हे खरे कारण. नंतर मात्र तो प्रश्न आमच्या मागे लागला, आणि त्यानेच हा लेख लिहविला आहे.

आपल्या धर्मशास्त्रात 'इष्ट' आणि 'पूर्त' असे सत्कर्माचे दोन भाग केले आहेत. यज्ञयाग ते इष्ट. आणि विहिरी, तळी, देवालये, अन्नदान, वृक्षवाटिका हे पूर्त. पूर्त सर्व वर्णांस मोकळे होते. परंतु केवळ तळे खणले म्हणजे पूर्त पुरे होत नसे. त्यानंतर उत्सर्ग करावा लागे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे, जे स्वतः आमच्याच व्यवसायातले, त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दानात एकाचे स्वत्व जाते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होते. उत्सर्गात देणारा स्वत्व सोडतो, पण घेणारा कोणी एक नसतो. तळे सर्व प्राणिमात्रांचे होते. मग शास्त्रकारांपुढे एक गमतीचा प्रश्न उभा राहिला : ज्याने तळे सोडले त्याने त्याचे पाणी प्यावे की नाही? त्यांचे उत्तर असे की, प्यावे; मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. यजमानाचा अधिकार गेला, तरी तहान त्याला ठेवण्यात आली.

या कसोटीला देवासचे तळे उतरत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तेथे उत्सर्ग झालेला नाही. सातबारा मालकाच्या नावे (माळव्यात त्यास खसरा म्हणतात), पाणी मालकाचे, इंजिन मालकाचे. आमच्या शिक्षकमित्रांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. तरीही त्यांच्या बोलण्यात एक गृहीत गोष्ट होती आणि तीच आम्हांस खटकते. हेतू शुद्ध असल्यावाचून कर्म धर्म्य होत नाही, असे त्यांनी धरून चालले होते. उत्सर्गाचा विधी पाहिला तर तेथे हेतूची चौकशी कोठेच नाही. एखाद्या राजाने कीर्तीसाठी तळे बांधले, एखाद्या सावकाराने पापाच्या भयाने बांधले; शास्त्र दोघांस एवढेच विचारते की, सोडले की नाही? खणणाऱ्याच्या मनात काय होते ते चित्रगुप्ताने पाहावे. गावाने पाहावयाचे ते एवढेच, की त्या पाण्यातून गावासाठी काय सुटले.

आणि काही तरी सुटते, हे खरे आहे. काळ्या मातीतून पाणी हळूहळू झिरपते, आणि खाली उतरलेले पाणी खसरा वाचीत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीला, ज्याने तळ्यासाठी एक छदामही खर्चिला नाही त्याच्या विहिरीला, माघानंतरही थोडे पाणी राहते. मालकाने न केलेला उत्सर्ग जमीन करते. परंतु हीच जमीन उलट्या दिशेनेही तितकीच उदार आहे, हे विसरून चालणार नाही. तळ्याच्या मालकाने किंवा त्याच्या शेजाऱ्याने सहाशे फूट बोअर मारला, तर तो पलीकडच्या चार विहिरींतले पाणी ओढून घेतो, आणि कायद्याने त्याला हात लावता येत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या सातव्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांपैकी एकात म्हटले आहे की, ठरावीक प्रवाहाने न वाहणारे जे पाणी जमिनीच्या पोटात वा पृष्ठावर आहे, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकास आहे. बैलाच्या मोटेच्या काळी हे उदाहरण निरुपद्रवी होते. बैल किती उपसणार? विजेचा पंप आला आणि त्याच चार ओळींचा अर्थ असा झाला, की ज्याची नळी खोल त्याचे पाणी. आमच्या कायद्याने हे पाप मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्याने बैल पाहिला होता, पंप पाहिला नव्हता.

येथे आमच्या मते प्रश्नाचे खरे मर्म आहे. तळे खणणे ही एका वर्षाची गोष्ट. तळे राखणे ही दर वर्षाची. पाऊस दर वर्षी माती घेऊन येतो. येण्याच्या तोंडाशी गाळ बसतो, बांधाला उंदीर-घुशींची बिळे पडतात, सांडव्यात बाभळी उगवतात. आणि दर वर्षी रब्बीच्या आधी ठरवावे लागते की, यंदा पाणी एवढे, तर गहू किती आणि हरभरा किती. पहिले काम एकट्याच्या स्वार्थाने होते, हे देवासने सिद्ध केले, आणि त्याबद्दल त्यास कमी लेखणे कृतघ्नपणा होईल. दुसरे काम एकट्याच्या स्वार्थाने होते का?

आमच्या प्राचीन व्यवहारशास्त्रात अठरा विवादपदे मानली आहेत. त्यांत 'संभूयसमुत्थान' म्हणून एक पद आहे आणि 'संविद्व्यतिक्रम' म्हणून दुसरे. पहिले म्हणजे अनेकांनी मिळून चालविलेला उद्योग. व्यापारी, नट, कारागीर आपापल्या भागाप्रमाणे खर्च सोसतात आणि आपापल्या भागाप्रमाणे लाभ घेतात. आजचा १९३२ चा भागीदारी अधिनियम त्याचाच वंशज म्हणावयास हरकत नाही : नफा वाटून घेण्याचा करार, ही भागीदारीची व्याख्या. दुसरे पद गावाने, देशाने किंवा संघाने केलेल्या ठरावाचा भंग करणाऱ्याचे. बृहस्पतीने अशा ठरावांचे विषय सांगताना सभागृह, पाणपोई, देवालय, तळे व बाग यांची दुरुस्ती अगदी नावे घेऊन सांगितली आहे. आणि मनूने लोभाने असा ठराव मोडणाऱ्यास राज्याबाहेर घालविण्याची शिक्षा दिली आहे. तळ्याच्या दुरुस्तीला स्मृतिकारांनी भागीदारीत बसविले नाही, संविदेत बसविले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

याचे कारण आम्ही असे समजतो. भागीदाराला बाहेर पडता येते. आजच्या कायद्यात मुदत न ठरलेली भागीदारी एका लेखी नोटिशीने विसर्जित होते. गावकऱ्याने कोणास नोटीस द्यावी? त्याच्या जमिनीखालचे पाणी शेजाऱ्याच्या पाण्याशी जोडलेले आहे. ती भागीदारी त्याने केलेली नाही आणि त्याला मोडताही येत नाही. जेथे बाहेर पडण्याचा मार्ग नाही, तेथे नफ्याच्या प्रमाणाचा हिशेब पुरत नाही. तेथे शब्द पाळण्याचाच प्रश्न येतो.

कौटिल्य या बाबतीत अधिक व्यवहारी. मिळून चाललेल्या बांधाच्या कामातून जो अंग काढून घेईल, त्याचे मजूर व बैल तरी कामावर आणावेत. खर्चाचा भाग त्याने द्यावा आणि फळाचा भाग मात्र त्यास मिळू नये, असे तो सांगतो. नवे तळे बांधणारास पाच वर्षांची करमाफी, मोडकळीस आलेले दुरुस्त करणारास चार, आणि झाडझाडोरा काढून स्वच्छ करणारास तीन, अशी त्याची पायरी आहे. देखभालीलाही सूट द्यावी हे ज्याला सुचले, त्याने गाव जवळून पाहिला होता यात शंका नाही. त्याचा आणखी एक नियम येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. गावात खेळ झाला आणि कोणी वर्गणी दिली नाही, तर त्याने आपल्या घरच्यांसह खेळ पाहू नये. चोरून पाहिला-ऐकला, तर दुप्पट द्यावे! आपल्या देवळांच्या उत्सवात नाटकाची वर्गणी गोळा करणाऱ्या कोणत्याही मंडळीस हे वचन वाचून दोन हजार वर्षांचा शेजार जाणवेल.

या मासिकाच्या वाचकांना हा सारा विषय परका नाही. गोव्यातील गावकरी, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले, ती याच संविदेवर उभी होती. १५२६ साली अफोंसो मेशिया याने जी सनद लिहून घेतली, तिने ही व्यवस्था निर्माण केली नाही. आधीपासून चालत आलेली वहिवाट तिने कागदावर नोंदली. खाजन शेतीचा प्राण म्हणजे बांध. भरतीचे खारे पाणी बांधाने थांबवायचे, आणि ओहोटीबरोबर आतले पाणी मानसीच्या दारांतून सोडायचे. एका ठिकाणी बांध फुटला, की खार सर्वांच्या भातात शिरे. ज्याच्या हद्दीत फुटला त्याच्याच शेतात थांबावे, एवढी समज खाऱ्या पाण्याला नाही. म्हणून गावकरीच्या हिशेबाची रीत अशी होती : उत्पन्नातून प्रथम सरकारचा भरणा, देवाचा खर्च, बांधाचा खर्च आणि गावाच्या सेवेकऱ्यांचे वेतन, हे सारे वळते झाल्यावर शिल्लक उरेल ती गावकऱ्यांत वाटावी. त्या वाट्यास झोण म्हणत. तूट आली तर गावकऱ्यांनीच भरावी. एका वाक्यात सांगायचे तर, आधी देव आणि बांध, मग आपण. हा क्रम ज्याने घातला त्याच्यापुढे आम्ही हात जोडतो.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत गावकरीच्या कारभारावर सरकारची पकड वाढत गेली. कोमुनिदादींची शेवटची संहिता एप्रिल १९६१ ची, म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात मुक्ती होण्याच्या काही महिने आधीची. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले. ते न्याय्यच होते आणि फार आधी मिळावयास हवे होते. परंतु बांधाचा भार त्याच वेळी तितक्याच स्पष्टपणे कोणाच्या खांद्यावर गेला, हे बऱ्याच ठिकाणी कोणासच नीट उमगले नाही. कुळांच्या संस्था कागदावर आल्या. काही चांगल्या चालल्या, काही सालिना सभेपुरत्या उरल्या. हक्क वाटला गेला, काम वाटायचे राहून गेले. कित्येक खाजनांत आज भाताऐवजी कांदळ उभे आहे.

येथवर वाचणाऱ्यास असे वाटेल की, आम्ही जुन्या गावगाड्याचे गुणगान करावयास बसलो आहोत. तसे नाही. गावकरी ही गावाची नव्हती, गावकऱ्यांची होती. आणि गावकरी म्हणजे मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांतील पुरुष वंशज. गावात राहणारा, बांधावर माती टाकणारा, देवळासमोर ढोल वाजविणारा प्रत्येक जण गावकरी नव्हता. देशावरच्या गावांतही 'गावाने मिळून केले' असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी वर्गणी दिली आणि कोणी वेठ दिली, हे वेगळे विचारावे लागते. संविधानाने तेविसाव्या अनुच्छेदात वेठीस बंदी केली ती काही पुस्तकात वाचून केलेली नाही.

आणि ज्या उत्सर्गाची आम्ही वर एवढी वाखाणणी केली, त्याचे काय झाले? सर्व प्राणिमात्रांसाठी सोडलेल्या पाण्यावर गुरे येत, कुत्री येत, पाखरे येत. महाडचे चवदार तळे हे सार्वजनिक तळे. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ मध्ये संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांस मोकळे असल्याचे मान्यही केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी त्यातले पाणी ओंजळीत घेतले तेव्हा गावात केवढा क्षोभ झाला, हे सर्वविदित आहे. त्यानंतर दावा झाला. बहिष्कृत ठेवण्याची अनादि वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे; ती वहिवाट सिद्ध होत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे. आम्ही तो निकाल विद्यार्थिदशेत प्रथम वाचला तेव्हा त्यातील पुराव्याच्या मुद्द्यांवर टिपणे काढली होती. तहानेविषयी एकही ओळ लिहिली नव्हती, याची आज खंत वाटते.

म्हणून संविद् चांगली, भागीदारी अपुरी, एवढे म्हणून आमची सुटका होत नाही. संविदेचे बळ बहिष्काराच्या भयात होते, आणि तेच शस्त्र दुर्बळांवर सर्वांत अधिक चालले. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र अधिनियम करावा लागला, यावरून ते शस्त्र अद्याप गंजलेले नाही, हे दिसतेच. मग शब्द पाळला जावा तो कशाच्या बळावर? सरकारच्या म्हणावे, तर न्यायालयांनी आपल्या परीने सांगितले आहे. जगपाल सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावतळ्यांवरील अतिक्रमणे काढून ती गावांस परत करण्याचे आदेश सर्व राज्यांस दिले. तो निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीत लावून ठेवावा इतका स्पष्ट आहे. पण न्यायालय तळे परत देऊ शकते. दर वैशाखात त्यातला गाळ काढावयास न्यायाधीश येऊ शकत नाहीत.

देवास जिल्ह्यातच, नर्मदेच्या अंगाला, बागली तालुक्यात १९९० पासून 'समाज प्रगती सहयोग' ही संस्था काम करीत आहे. तेथील बराच भाग डोंगराळ व आदिवासी वस्तीचा. टोंकखुर्दकडे थोरल्या शेतकऱ्यापासून आरंभ झाला. बागलीत आरंभ झाला तो ज्याच्यापाशी थोडे आहे त्याच्यापासून, आणि पुढे स्त्रियांच्या बचत गटांवर बराच भर राहिला. एकाच जिल्ह्यातील या दोन वाटांपैकी कोणती श्रेष्ठ, हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. एवढे मात्र म्हणतो की, पहिल्या वाटेने तळी झपाट्याने झाली, आणि दुसऱ्या वाटेने 'भागीदार कोण' हा प्रश्न प्रथम विचारला गेला. तळी झाली त्या गावांतही तो प्रश्न टळलेला नाही. तो उशिरा आला, इतकेच. दुबार पीक आले म्हणजे भूमिहीनास कापणीची मजुरी अधिक दिवस मिळते, हे खरे. परंतु मजुरी हा हिस्सा नव्हे, हे आम्ही कोर्टात शंभर वेळा सांगितले आहे आणि शंभर वेळा ते मान्य झाले आहे.

टोंकखुर्दच्या बाजूच्या एका गावी आम्हांस अशा वार्षिक बैठकीस बसण्याचा योग आला. गावाचे नाव सांगत नाही. सांगण्याची परवानगी आम्ही घेतलेली नाही. अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. राममंदिराच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली. पुढे तळ्यांचे मालक, मागे बाकीचे, आणि खांबांपलीकडे पायरीवर ज्यांना जमीन नाही असे पाचसात जण. विषय साधेच होते. गाळ काढावयास यंत्र भाड्याने आणावे, डिझेलचा खर्च मालकांनी बिघ्याच्या हिशेबाने द्यावा, हातची कामे बाकीच्यांनी करावी. तळ्याचे शेवटचे पाणी उन्हाळी मुगाला न घालता गुरांसाठी ठेवावे, यावर बरीच वादावादी झाली. दोन मालक उठून गेले आणि तंबाखू खाऊन परत आले. अखेर गुडघाभर पाणी राहू द्यावे, असे ठरले. गुडघा कोणाचा, असे मागून कोणी विचारले आणि सारा मंडप हसला. काढलेला गाळ ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, हा ठराव तर एका शब्दावाचून मंजूर झाला, आणि आमच्या शेजारच्या एका तरुण मालकाने आमच्याकडे पाहून अभिमानाने मान हलविली. खरोखर ती उदार गोष्ट होती. तो गाळ म्हणजे शेताला सोने.

तेव्हा पायरीवरून एक म्हातारा मजूर बोलला. आवाज चढविला नाही. "पटेलसाब, गाळ फुकट दिला, फार चांगले केले. माझ्यापाशी ट्रॉली नाही. ट्रॉली मिळाली तरी गाळ टाकायला शेत नाही. दर साल मी पाच दिवस फावडे मारतो, आणि बोलावल्यावाचून येतो. माझ्या नावापुढे काय लिहिता?"

वही लिहिणारा तरुण थांबला आणि त्याने पटेलांकडे पाहिले. एक मालक म्हणाला, बांधावरचे गवत याच्या बकऱ्यांना द्यावे. दुसरा म्हणाला, बांध माझा, गवत माझ्या म्हशींना पुरत नाही. कोणी मासळीचे नाव काढले. मंदिरात बसून मासळीचे बोलू नये म्हणून त्याला गप्प करण्यात आले. आमच्या शेजारचा तरुण आता सतरंजीचे सूत ओढीत बसला होता. वकील म्हणून आमचे मत कोणी विचारील, या भयाने आम्हीही खाली पाहिले, हे येथे नमूद करतो.

शेवटी पटेल म्हणाले, नाव लिहा. म्हाताऱ्याचे नाव वहीत लिहिले गेले, काम करणाऱ्यांच्या यादीत नव्हे तर ठराव करणाऱ्यांच्या यादीत, मालकांच्या नावांखाली. पुढचा रकाना हिश्श्याचा होता. त्यात लिहिणाऱ्याने काही लिहिले नाही आणि रेघही मारली नाही. तो रकाना मोकळा ठेवून त्याने पान उलटले. पुढचा विषय रस्त्याखालच्या मोरीचा होता.